बाई, जाहिरात बंदच आहे

बाई,

पुण्याला भाचीकडे जाताना तुम्ही नेहमीसारखा फोन केलात. "संगीता, डोळ्याचं ऑपरेशन उरकून घेते. आजपासून बंद ठेव. आले की सांगते." मी "बरं" म्हटलं आणि जाहिरात बंद केली. आपलं शेवटचं बोलणं एवढंच.

तुम्ही सांगायला विसरणाऱ्यातल्या नव्हता. पुण्याहून परतताना लोणावळा यायच्या आधीच तुमचा फोन यायचा, "मळवली गेलं, आता चालू कर." या वेळी तो आला नाही. म्हटलं, डोळ्यावर पट्टी असेल. आणखी वाट पाहिली. शेवटी मीच फोन लावला, तो तुमच्या भाचीने उचलला.

"मावशी गेली," ती म्हणाली. "ऑपरेशन छान झालं होतं. जेवून जरा आडवी झाली ती उठलीच नाही." मग तिने विचारलं, "आपण कोण?"

मी म्हटलं, "मी त्यांच्या दवाखान्याची जाहिरात बघते."

"मावशी जाहिरात करायची?" तिला धक्काच बसला. मृत्यूच्या बातमीत मीच तिला एक बातमी दिली.

फोन ठेवल्यावर मी सवयीने लॅपटॉप उघडला. तुमच्या जाहिरातीपुढे 'बंद' असं लिहिलेलं होतं. मला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जाताना ते कामही तुम्ही स्वतःच उरकून गेला होतात.

आपली पहिली भेट आठवते का? मी तेव्हा नुकती घोरावाडी स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायला आले होते. नवऱ्याशी फारकत झालेली, पुण्यातल्या कंपनीची नोकरी सुटलेली. स्वतःचं काम सुरू केलं होतं आणि लहान लहान दवाखाने गाठत लोणावळ्यापर्यंत पोचले होते. तुमच्या बाकावर पेशंटच्या रांगेत बसले. नंबर आल्यावर आत गेले, आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्ही माझ्या दंडाला पट्टा गुंडाळून बीपी बघायला लागलात.

"मी पेशंट नाही," मी म्हटलं.

"बीपी वेगळं सांगतंय," तुम्ही म्हणालात.

मग मी माझं काम समजावून सांगितलं. लोक हल्ली दुखलंखुपलं की मोबाइलवर शोधतात, जी नावं येतात त्यात सगळ्यात वरची एकदोन जाहिराती असतात, त्या मी दवाखान्यांना लावून देते. तुम्ही पट्टा गुंडाळून ठेवत ऐकत होता.

"म्हणजे माणूस 'पोटात दुखतंय' असं विचारणार, आणि वर कोणाचं नाव दिसणार ते तू ठरवणार?"

"मी नाही. त्या शब्दावर कोणी किती बोली लावली आहे, त्यावर ठरतं. थोडं जाहिरात कशी लिहिली आहे, त्यावरही."

"म्हणजे लिलाव."

"हो. कोणी शोधलं की दर वेळी नवा."

"तो बिचारा पोट धरून बसलेला असताना?"

"क्षणात होतो, बाई. त्याला कळतही नाही."

"ते तर आणखीच वाईट," तुम्ही म्हणालात. मग चहा मागवलात, मला बीपीची गोळी लिहून दिलीत, आणि मीठ कमी खा म्हणालात. जाहिरात विकायला आलेली मी, दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन बाहेर पडले. ती गोळी अजून चालू आहे.

बीपी दाखवायला मी येत राहिले आणि वादही तिथपासून चालू राहिला. मी म्हणायचे, जाहिरात नव्हती तेव्हा काय होतं? परगावचा माणूस स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला विचारायचा, आणि रिक्षावाला ज्याच्याकडून कट मिळतो त्याच्या दारात त्याला सोडायचा. तुम्ही जन्मात कोणाला कट दिला नाहीत हे सगळ्या लोणावळ्याला ठाऊक होतं. म्हणूनच मला वाटायचं, इथे तरी तुम्ही अडकाल. तुम्ही अडकला नाहीत. "रिक्षावाला लबाड असला तरी पेशंटचं तोंड बघतो," तुम्ही म्हणालात. "फारच वाईट दिसला तर कट सोडून जवळच्या दारात घालतो. तुझा लिलाव कोणाचं तोंड बघतो?"

याला उत्तर आहे, बाई. मी ते पुढे कितीदा तरी मनात रचलं. बायका जे तोंडाने कोणाला विचारू शकत नाहीत, ते मोबाइलला विचारतात. छातीत गाठ लागलेली बाई रिक्षावाल्याला काय सांगणार? अशा कितीतरी जणी एखादी जाहिरात बघून वेळेत डॉक्टरपर्यंत पोचलेल्या मला माहीत आहेत. हे मी तुम्हाला सांगणार होते, नीट, पुढच्या भेटीत. आता कोणाला सांगू? घरात मोठ्याने बोलून बघितलं. समोरून कोणी आडवं बोलत नसलं की आपलंच म्हणणं पोकळ वाटायला लागतं.

मग ते तुमच्या नावाचं प्रकरण झालं. तुमच्याच एका पेशंटने तुम्हाला दाखवलं की मोबाइलवर 'वसुधा डॉक्टर लोणावळा' असं शोधलं की सगळ्यात वर एका मोठ्या हॉस्पिटलची जाहिरात येते. तुम्ही मला बोलावून घेतलंत. मी सांगितलं की हे चालतं, दुसऱ्याच्या नावावर बोली लावता येते, सगळीकडे असंच आहे. तुम्हाला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

"माझं नाव घेऊन आलेल्या माणसाला दुसऱ्याचं दार दाखवतात," तुम्ही म्हणालात. "इतकी वर्षं इथे बसले त्याचा उपयोग त्यांना."

"आपण आपल्या नावावर बोली लावू," मी म्हटलं. "मग तुम्ही वर याल."

"माझं नाव मीच विकत घेऊ?"

"विकत नाही, बाई. राखायचं."

"आईबापाने फुकट दिलेलं नाव आहे ते." तुम्ही उठून हात धुवायला गेलात. तो तुमचा विषय संपवण्याचा मार्ग होता. डॉक्टरने स्वतःच्या नावाची जाहिरात करू नये, असं तुम्ही शिकला होता आणि ते तुम्ही शेवटपर्यंत सोडलं नाहीत. बाकावरची माणसं कमी होत गेली, तरी नाही. मी आले की दुपारी तुम्ही रिकाम्या बाकाकडे बघत, "आज सगळे बरे दिसतात," म्हणायचात. मी हसायचे. आपल्या दोघींनाही ते खरं वाटत नव्हतं.

पारूबाई आल्या त्यानंतर. पवना धरणाच्या पलीकडच्या एका वाडीतली ही शेतकरीण, बांधावरचं गवत कापताना तिला साप चावला. मुलाने मोबाइलवर विचारलं, पहिली जाहिरात आली तिथे फोन न करताच टेंपोतून घेऊन गेला. ते हॉस्पिटल लांब, पुण्याच्या अंगाला. तिथे सर्पदंशावरचं औषध नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं आणि दुसरीकडे न्या म्हणाले. कुठे न्यायचं ते त्या मुलाला कळेना. रस्त्यात एका चहावाल्याने तुमचं नाव सांगितलं, तेव्हा तो उलटा फिरला. जाताना तो तुमच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावरून गेला होता.

तुमच्या टेबलावर आल्या तेव्हा पारूबाईंच्या पापण्या मिटत चालल्या होत्या, जीभ जड झाली होती. तुम्ही औषध सुरू केलंत. श्वास मंदावला तेव्हा तुम्ही आणि तुमची नर्स आळीपाळीने तोंडावर मास्क धरून रबरी फुगा दाबत राहिलात. ऊन उतरेपर्यंत तुम्ही खुर्चीवर टेकला नाहीत. मग पारूबाईंनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलल्या, "माजा इळा बांधावच ऱ्हायला."

हे सगळं तुम्ही मला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलंत. शेवटी म्हणालात, "संगीता, जाहिरात लाव. पण फक्त साप चावल्याची. आणि माझं नाव कुठेही घालायचं नाही."

मी दुपारच्या गाडीने आले. ती जाहिरात लिहिताना आपण जितक्या भांडलो तितकी मी कुठल्याच मोठ्या हॉस्पिटलच्या मॅनेजरशी भांडले नाही. शीर्षकाला मोजकी अक्षरं मिळतात. मला तिथे दवाखाना आणि गाव हवं होतं. तुम्ही कागदावर लिहिलंत, 'घाबरू नका. कापू नका. आवळून बांधू नका. चालवत आणू नका. लगेच आणा.'

"ही जाहिरात नाही, बाई. ही सूचना झाली," मी म्हटलं.

"मग सूचनाच लाव."

"दवाखान्याचं नाव राहिलं."

"राहू दे. फोन आहे ना खाली? मग झालं."

नंतर नकाशावर गोल काढायचा होता, म्हणजे त्या गोलातल्या माणसालाच जाहिरात दिसते. माझी सगळी गिऱ्हाइकं तो गोल मोठा करा म्हणून मागे लागतात. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून एकेक गाव बोटाने दाखवायला लागलात. "ही धरणाकडची गावं घे. राजमाचीकडची घे. आणि खाली कामशेतच्या पुढची काढून टाक."

"का? तिथले लोकही येतील की."

"म्हणून तर काढ. त्यांना सरकारी दवाखाना जवळ आहे. माझी जाहिरात बघून उगीच इथवर येतील आणि वाटेत वेळ जाईल."

या धंद्यात पेशंट कमी करा म्हणणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं आणि नंतरही भेटलेलं नाही.

आणि एक अट. औषध शिल्लक असेल आणि तुम्ही स्वतः जागेवर असाल तेव्हाच जाहिरात दिसायची. त्यातून ते फोन सुरू झाले. "मुंबईला लग्नाला चालले, बंद कर." "आले, चालू कर." "औषधाची पेटी संपली, नवी येईपर्यंत बंद." मी कुठेही असले तरी मोबाइलवरून करायचे. माझ्या कामात बटण दाबलं की आकडे बदलतात. तुमच्या बटणामागे एक बाई दवाखान्यात शिरून चप्पल काढत असायची, एवढा फरक होता.

लोक काय शोधतात ते मला दिसायचं आणि मी ते तुम्हाला वाचून दाखवायचे. बहुतेकांनी लिहिलेलं नसायचंच, मोबाइलला बोलून विचारलेलं असायचं. 'आमच्या म्हाताऱ्याला पान लागलंय आता कुठं नेऊ.' 'साप काळा होता औषध कुठं भेटल.' पान लागणं म्हणजे साप चावणं, हे तुम्हीच मला सांगितलंत. एकदा म्हणालात, "असं विचारतात जसं समोर कोणी बसलंय." मी म्हटलं, "कोणीच नसतं." तुम्ही म्हणालात, "तू असतेस ना. तूच वाचतेस." मी वाचते ते सगळं होऊन गेल्यावर, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

एकदा मात्र तुम्ही पोट धरून हसलात. जाहिरात दिसलेल्यांत कितीतरी जणांनी 'स्वप्नात साप चावला तर काय होते' असं शोधलं होतं. "त्यांना म्हणावं, स्वप्नातल्या सापाचं औषध लोणावळ्यात मिळत नाही, चिक्की मिळते." शोधताना 'स्वप्न' हा शब्द आला की जाहिरात दिसू नये, असं मी करून टाकलं. पुढे कितीतरी दिवस फोन ठेवताना तुम्ही विचारायचात, "स्वप्नवाले बंद आहेत ना?"

पावसाळा संपून थंडी पडली की साप बाहेर दिसेनासे होतात. तेव्हा फोनचं कारण उरत नसे. पण तुमचा फोन यायचा. "चालू आहे ना गं?"

"चालू आहे, बाई."

"असू दे. विचारलं आपलं."

मग आपण दोघी थोडा वेळ फोन धरून राहायचो. तुमच्या खिडकीखालून रिक्षा गेलेली मला ऐकू यायची. माझ्याकडची लोकल तुम्हाला ऐकू जायची आणि तुम्ही म्हणायचात, "ही लोणावळ्याची की पुण्याची?" मी खिडकीत जाऊन सांगायचे. घरात बसून काम करणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो ते तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मी बोलले नाही. दूधवाला पिशवी दाराला अडकवून जातो. गिऱ्हाइकं मेल लिहितात. काही दिवस तर तुमच्याशी बोलताना माझा आवाज घोगरा यायचा, कारण सकाळपासून तो वापरलेलाच नसायचा. "सर्दी झाली का?" तुम्ही विचारायचात. मी "थोडीशी" म्हणायचे. तुम्ही डॉक्टर होता, तुम्हाला ती सर्दी कळली नसेल असं मला वाटत नाही. आणि दवाखान्याच्या वर दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या तुम्हाला भर थंडीत सापाची जाहिरात का आठवायची, तेही मला कळत होतं. आपण दोघींनी ते सापावरच ढकललं. बरं झालं. उघड बोललो असतो तर कदाचित संकोचून फोन कमी केले असते.

तुमच्या भाचीने दवाखाना आवरायला मदतीला बोलावलं म्हणून मी परवा आले. ती भली आहे. तुमच्यासारखीच हात धुवायला उठून विषय संपवते. आम्ही फ्रीज उघडला. औषधाच्या कुप्या नीट ओळीने होत्या, मुदत अजून शिल्लक होती. त्या वाया जाऊ द्यायच्या नाहीत म्हणून मी कामशेतकडच्या त्या सरकारी रुग्णालयात विचारायला गेले. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी सांगितलं की बाहेरच्या कुप्या त्यांना अशा घेता येत नाहीत, पण त्यांच्याकडे साठा असतो. त्यांनी मला आत नेऊन दाखवला. मी विचारलं, साप चावल्याची जाहिरात तुमच्या नंबरवर लावली तर चालेल का, खर्चाचं मी बघेन. त्या म्हणाल्या, वर विचारावं लागेल. अजून उत्तर आलेलं नाही. तुमच्या कुप्या शेवटी तुमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी नेल्या.

काल आम्ही बाक बाहेर काढत होतो तेव्हा पारूबाई आल्या. डोक्यावर गाठोडं, बरोबर कोणी नाही. दरवर्षी भात झोडून झालं की त्या तुमच्यासाठी नवा इंद्रायणी तांदूळ आणतात, हे मला भाचीच्या आधी ठाऊक होतं. त्यांनी गाठोडं पायरीवर उतरवलं आणि मला विचारलं, "बाई वर हायेत का?"

मी सांगितलं. भाचीला सांगणं जमलं नसतं.

त्या पायरीवर बसल्या. रडल्या नाहीत. पदराने गाठोड्यावरची धूळ पुसत राहिल्या. "मला कुनी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आमी लांब ऱ्हातो. कोन सांगनार?"

"मलाही उशिराच कळलं," मी म्हटलं.

"मंग आता कुनाला पान लागलं तर कुटं जायाचं वो?"

मी त्यांच्या शेजारी बसले. सरकारी रुग्णालयात औषध आहे, मी डोळ्यांनी बघून आले आहे, लोणावळ्यात आता हिंडत बसू नका, आधी तिथे फोन करा, असं सगळं सांगितलं. त्यांनी कनवटीचा मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. "ह्यात घाल. पर मला वाचता येत न्हाई. नातीनं समद्यांचं फोटू लावून दिल्यात, फोटू बगून लावते मी."

मी नंबर घातला. फोटो कोणाचा लावू विचारलं. रुग्णालयाच्या इमारतीचा घेऊ का? पारूबाईंनी मान हलवली. "इमारतीला काय कळतंय. बाईंचाच लाव की."

माझ्याकडे तुमचा एकच फोटो आहे. मी एकदा गमतीने काढत होते आणि तुम्ही हात पुढे करून "नको, नको" म्हणत होतात, त्याच वेळी निघालेला. अर्धा चेहरा हाताआड गेला आहे. मी तो पारूबाईंना दाखवला आणि म्हटलं, नीट आलेला नाही.

त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "बेस हाय की. बलावत्यात बगा हातानं."

मी तो लावून दिला. नंबर बरोबर लागतो का बघायला पारूबाईंनी स्वतःच तुमच्या फोटोवर बोट ठेवलं. पडदाभर तुम्ही आलात. रिंग वाजली आणि पलीकडून कोणा बाईचा आवाज आला, "हॅलो, बोला."

मी काही बोलणार तोच पारूबाईंनी फोन तोंडाजवळ धरला.

"काय न्हाई वो," त्या म्हणाल्या. "हायसा का, तेवढं बगितलं."